साक्षीदार म्हणून माझी सही

साहेबाने पप्पांचा डावा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उठवला. विचारलं नाही, काही नाही. पप्पांचा उजवा हात बँडेजमध्ये होता. चाकणच्या कंपनीत पॉवर प्रेसखाली तीन बोटं गेलेली, त्याला आठच दिवस झाले होते.

पप्पांना सही येते. वळणदार, पूर्ण नावाची. आमच्या घरातला अंगठा आजोबांपाशी संपला, असं ते छाती काढून सांगायचे.

"साहेब, डाव्या हातानं करतो की सही. येती मला."

"राहू दे रे. तुझ्यासारख्यांना अंगठाच बरा," एचआरचा साहेब म्हणाला. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा असेल. आणि माझ्या बापाला अरेतुरे. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही उभेच.

पण अंगठ्याआधी काय झालं तेही सांगते. ते माझंच पाप आहे.

कागद इंग्रजीत होता. मी तेव्हा अकरावी सायन्सला, सतरावं सरत आलेलं. साहेबाने कागद माझ्यापुढे सरकवला. "वाच. येतं ना वाचता?" मी वाचला. घडाघडा, कुठेही न अडखळता. "अरे वा, छान आहे की इंग्लिश," तो म्हणाला आणि मी, मूर्ख कार्टी, चक्क लाजून हसले.

कागदात होतं की मशीनचा सेन्सर कामगाराने स्वतः बंद केला. धडधडीत खोटं. हात आत असला की सेन्सर मशीन थांबवतो. मशीन थांबलं की माल कमी निघतो. म्हणून शिफ्ट सुरू झाली की सुपरवायझरच तो बंद करायचा. पप्पा जेवताना कितीदा बोलले होते. मला सगळं माहीत होतं.

"विम्यासाठी असंच लिहावं लागतं. फॉर्म्यालिटी," साहेब म्हणाला.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "काय लिवलंय गं?"

"काही नाही पप्पा. फॉर्म्यालिटी आहे."

मग अंगठा उठला. त्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली. पेनसुद्धा साहेबाचंच.

महिन्याभरात पप्पांना गेटवरच अडवलं. चूक त्यांचीच ना, कागदावर. साक्षीला पोटची पोर. पप्पा कॉन्ट्रॅक्टवरचे, त्यांच्या बाजूने बोलणार कोण?

पिंपरीत एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी कागद वाचला. "ही साक्षीदार कोण?" पप्पा खाली बघत बसले. माझं नाव काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी मीच म्हणाले, "मी." कुठे तोंड लपवू असं झालं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

कंपनीवर भरपाईची केस घालायला त्या तयार झाल्या. त्याच संध्याकाळी घरी सांगितलं, इंजिनिअरिंग नको. बारावीनंतर लॉ करणार.

"अगं बाई, हिंजवडीत आयटीला लागली असतीस," आई म्हणाली. "कोर्टकचेरी आपल्यासारख्याला झेपती का?"

"मला झेपवायचीय," मी म्हणाले.

गेल्या महिन्यात मला अठरा पूर्ण झाली. तिसऱ्या दिवशी पिंपळे गुरवच्या आमच्या खोलीवर पप्पांना कंपनीत लावणारा लेबर कॉन्ट्रॅक्टर आला. इथल्याच जुन्या गावचा, सगळे त्याला दादा म्हणतात. पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी. चपला न काढता आत आला, कॉटवर बसला.

"वाढदिवस झाला न्हवं?" त्याने तोच इंग्रजी मजकूर नव्याने छापलेला कागद काढला. "पयल्या सहीला तू अज्ञान व्हतीस, ती टिकायची न्हाई म्हणत्यात. आता सज्ञान झालीस. परत कर."

माझा वाढदिवस याला कुणी सांगितला?

कागद घेऊन मी दारात गेले. मराठीत करून वाचला, ओळ न ओळ, मोठ्याने. नळावरच्या बाया भांडी सोडून ऐकत राहिल्या. वाचून झाल्यावर परत त्याच्या हातात दिला.

"सही करणार नाही."

तो हसला. "लॉ करनार म्हणं तू. कर की. बारावीच्या क्लासला कुठल्या रस्त्यानं जातीस, म्हाईत हाय आमाला." मग पप्पांकडे वळला. "पोरीची जात हाय भाऊ. जपा."

तेव्हापासून पांढरी गाडी क्लाससमोर दिसते. या आठवड्यात तीनदा. काच वर, इंजिन चालू. मी भिते. खोटं कशाला बोलू? पण वहीच्या मागच्या पानावर नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवते. वकीलबाईंनी तसं सांगितलंय.

मंगळवारी केसची तारीख आहे. बाई म्हणाल्या, तू लहान होतीस, ती सही धरू नका असं सांगता येईल. मी नको म्हणाले. लहान होते, आंधळी नव्हते. सही माझीच, वाचून केलेली. ती कशी घेतली, सेन्सर कोण बंद करायचं, दादा घरात बसून काय बोलला, सगळं सांगणार आहे.

काल लॉच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासचा फॉर्म भरला. खाली पालकांच्या सहीची जागा होती. पप्पांनी डाव्या हाताने, घाम पुसत, पूर्ण नाव लिहिलं. वाकडंतिकडं, पण पूर्ण.

आत्ता खिडकीतून गाडी दिसतेय. गल्लीच्या तोंडाशीच. राहू दे उभी. मंगळवारी मी तिच्यासमोरूनच जाणार आहे.