आयरिस आणि शेजारच्या बाई

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधील आमच्या घरामागे संरक्षित पाणथळ जागा आहे. मे सरता सरता तिथल्या चिखलात रानटी निळा आयरिस फुलतो. फूल तोडले की शेंग धरत नाही, शिवाय ते तोडणे नियमबाह्य आहे. शेजारच्या बाईंना या दोन्ही गोष्टी मी वारंवार ऐकवल्या आहेत.

बाई मूळच्या सांगलीच्या, इथे आयटीत. सकाळच्या मीटिंगआधी कानात इयरफोन, पायात बर्फातले बूट आणि हातात प्लास्टिकची पिशवी अशा थाटात त्या पाणथळीत उतरतात. त्यांचे प्रत्येक उत्तर त्याच ठरलेल्या शब्दांनी सुरू होते.

"तसं नाही काका, मी काय फुलदाणीत ठेवते? देवाला वाहते."

"देवासाठी केलेली चोरी ही चोरीच असते," मी बजावले.

"तसं नाही काका, फुलं त्याचीच. मी फक्त डिलिव्हरी करते."

अखेर मी संबंधित कार्यालयाला सविस्तर पत्र धाडले. फुले तोडण्यास मनाई करणारी पाटी लागली. बाईंनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली, पिशवीची घडी खिशात घातली आणि त्या निमूटपणे परतल्या. न्याय झाला, असे मला वाटले.

दुसऱ्या सकाळी त्या पितळी बाळकृष्ण घेऊन आल्या आणि त्याला काठावरच्या फुलांसमोर धरून उभ्या राहिल्या.

"तसं नाही काका, फूल न्यायचं नाही ना? मग यालाच आणलं."

उदबत्ती पेटवली असती तर आगीचा नियम लागू झाला असता. त्यांनी ती पेटवली नाही. मी नियमावली पुन्हा पहिल्यापासून वाचतो आहे, आणि तिकडे आयरिसला शेंगा धरल्या आहेत.