पाचवं काऊन

अजाइल, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम टीमने लहान लहान टप्प्यांत करायची पद्धत, हा शब्द मी पुण्यात नोकरीला लागल्यावर ऐकला, पण तो कळला बुलढाण्यात, दादामुळे. दादा म्हणजे सख्खा भाऊ नव्हे. कॉलेजात तो माझ्या पुढे होता आणि आम्ही सगळेच त्याला दादा म्हणायचो. माझी पहिली नोकरी त्यानेच शब्द टाकून लावली. पुढे कोरोनात ऑफिसं बंद झाली, घरून काम सुरू झालं, तसे आम्ही दोघंही आपल्या जिल्ह्यात परतलो. अमडापूरला आईजवळ राहायचं मनात होतं, पण तिथे नेटचा भरवसा नव्हता, म्हणून मी बुलढाण्यात खोली घेतली.

दादाने आमच्यासारख्यांना गोळा केलं. कोणी पुण्याच्या कंपनीत, कोणी नागपूरच्या, पण सगळे घरी पलंगावर बसून कोड लिहिणारे. एका सरांच्या क्लासची खोली रविवारी रिकामी असायची, तिथे आम्ही जमायचो. मोठं काम तुकड्यांत कसं तोडायचं, दोघांनी एका स्क्रीनवर कोड कसा लिहायचा, हे सगळं दादा शिकवायचा. त्याचा खरा जीव मात्र रेट्रोमध्ये. रेट्रो म्हणजे टीमने गोल करून बसायचं आणि काय चुकलं ते न भांडता बोलायचं. सुरू करताना तो दर वेळी बजावायचा, "इथलं इथंच. बाहेर गेलं का संपलं सगळं."

काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मुळाशी जाता येतं, अशी अजाइलवाल्यांची एक रीत आहे. आमच्यात तिचं आपोआप 'पाच काऊन' झालं. एका रविवारी माझी पाळी आली.

"तू कंपनीच्या मीटिंगमध्ये बोलत काऊन नाही?" दादाने विचारलं.

"सुचते सगळं, पण तोंडातून निघत नाही."

"काऊन?"

"मले-तुले निघून जाईन म्हणून भेव वाटते."

"निघालं तर निघालं. भेव काऊन?"

मग मी सांगितलं. पुण्यात पहिल्यांदा काम दाखवताना मी बोलून गेले होते, "स्क्रीन लोड होऊन राह्यली." त्यानंतर काहीही हळू चाललं की टीममध्ये कोणीतरी म्हणायचं, "होऊन राह्यलं, होऊन राह्यलं." मीही त्यांच्यासोबत हसायचे. घरी आल्यावर मात्र आरशासमोर उभी राहून घोकायचे: मला, तुला, त्याला.

"घोकत काऊन होती?" दादाने विचारलं.

"जिभेले सवय व्हावी म्हणून. मग फोनवर आईशीही तसंच बोलाले लागली," मी म्हटलं. "आई म्हणे, माह्याशी तरी आपल्यासारखी बोल."

"मग काऊन नाही बोलली?" हे पाचवं. दादाने ते फार हळू विचारलं.

"मले आईचीच लाज वाटाले लागली होती."

खोलीत कोणी हसलं नाही. दादा उठून खाली गेला आणि सगळ्यांसाठी स्वतः चहा घेऊन आला. मला इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी त्याने काहीही मागितलं असतं तरी मी दिलं असतं.

काही महिन्यांनी पुण्याच्या एका मोठ्या संमेलनात त्याला बोलायला बोलावलं. आपल्या गटाबद्दल सांगणार म्हणाला. आम्हाला कोण आनंद! नंतर माझ्या टीममधल्या एका मुलीने मला त्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला. 'हे तुमच्याकडचेच ना? काय भारी बोललेत!'

जेवता जेवता मी तो लावला. दादा कोट घालून उभा होता, बोलणं अगदी पुणेरी. "आमच्याकडे एक मुलगी आहे," तो म्हणाला आणि त्याने माझा आवाज काढला. नाकातून, हेल लांबवत: "दादाऽ, मले बोल्याची लाज वाटून राह्यली." हे वाक्य मी कधी बोललेच नव्हते. सगळं सभागृह हसलं. तो थांबला. हसू ओसरू दिलं. मग खालच्या आवाजात त्याने आईचं सांगितलं. सगळे गप्प झाले, आणि मग टाळ्याच टाळ्या. कुठे हसवायचं, कुठे गप्प करायचं, याचा त्याने सराव केला होता. हसण्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने विचारलं, "ती तूच ना?" मी नाही म्हणाले.

रविवारी मी लवकर गेले. दादा एकटाच खुर्च्या लावत होता.

"दादा, माह्यी गोष्ट तू तिथं सांगितली?"

"अगं, तुझं नाव कुठे घेतलं मी?" माझ्याशी बोलताना तो आजवर कधी 'अगं' म्हणाला नव्हता.

"आवाज तर माह्याच काढला."

"लोकांना भिडलं ते. किती जण नंतर येऊन भेटले. तुझ्यासारख्या कितीतरी मुलींना बळ मिळालं असेल."

"मले इचारलं काऊन नाही?"

त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. "तू नाही म्हणाली असती," तो म्हणाला.

मी जिना उतरून खाली आले, ती पुन्हा वर गेले नाही. बाकीच्यांना माझं काही पटलं नाही. आपलं नाव झालं ना, बस, असं त्यांचं म्हणणं. वर्षभरात दादाला पुण्यात टीमांना अजाइल शिकवायची नोकरी लागली, तो गेला आणि गटही मोडला.

मध्यंतरी अमडापूरला गेले, तर शेजारच्या कोणीतरी तो व्हिडिओ आईला दाखवलेला. "चांगला बोलते पोरगा," आई म्हणाली. मग विचारलं, "पण मायची लाज वाटणारी पोरगी कोनाची होय वं?" मी पाणी प्यायला उठले. तिने पुन्हा विचारलं नाही.

कंपनीत आता आमच्या टीमची रेट्रो एक बाई घेतात. फार चांगल्या आहेत. "इथे मोकळेपणाने बोला," असं त्या सुरुवातीलाच सांगतात. मी बोलतेही. टेस्ट वाढवायला हव्यात, काम अंगावर घेताना अंदाज चुकतो, असं काहीबाही. सगळं खरं असतं, आणि त्यात माझं काहीच नसतं.