चाळीस मिलिग्रॅमची घट

काल दाढ कोरून घेताना जळक्या हाडासारखा वास आला आणि नांदेडच्या प्रयोगशाळेतली एक दुपार आठवली. टेबलावर सहा ग्रॅम चारशे मिलिग्रॅम हाड होतं, आणि खोलीत मी व रहीमचाचा असे दोघेच.

चाचा अहमदपूरचे, जन्मभर भांड्यांना कल्हई केलेले. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये काढलेला त्यांच्याच हाडाचा तुकडा आमच्याकडे आला होता. कल्हईतलं शिसं त्यात किती मुरलंय, हे यंत्रावर मोजायचं होतं. तुकडा धुऊन, वाळवून मी खलात वाटत होतो.

"साहेब, उरलेलं काय करता?"

"जाळायला पाठवतो. नियम आहे."

"जाळू नका. आमच्यात मिट्टी देत्यात. तेवढं मला द्या. बाकीचा मी मागून येतोच हाय."

ते हसले. मी मान डोलावली आणि सवयीने खलाच्या काठावरची भुकटी फुंकली.

"अहो, फुंकू नका! ते बी मीच हाय."

मी खजील झालो. अर्धा ग्रॅम आम्लात विरघळायला ठेवला. उरलेलं तोललं तर चाळीस मिलिग्रॅम कमी भरलं. नोंदवहीत 'घट' लिहून तेव्हा मी मोकळा झालो. आज त्या शब्दाची लाज वाटते. ते मी फुंकलं होतं.

नियम बाजूला ठेवून पाच ग्रॅम आठशे साठ मिलिग्रॅमची पुडी बांधली आणि ती रहीमचाचांच्या दोन्ही हातांत दिली.