मोटरचं झाकण

मोटर वाइंडिंगला टाकली की दुकानासमोरून हलायचं नाही, ही आमच्या वडिलांची शिकवण. नजर चुकली की आतलं तांबं जातं आणि ॲल्युमिनियम येतं. विहिरीची मोटर जळली की ते जेवणाचा डबा घेऊन तिथं ठाण मांडत. तो गुण माझ्यात उतरला, आणि जरा जास्तच उतरला.

सातपूरचा आमचा कारखाना बंद पडला, तेव्हा ज्या लेथ मशीनवर मी तीस वर्षं उभा राहिलो तो विकत घेऊन नाशिक रोडच्या घरी पार्किंगमध्ये बसवला. बायको म्हणाली, "आता माझी स्कूटी गच्चीवर लावू का?" शिवाय घरात वीज सिंगल फेज आणि लेथची मोटर थ्री फेजची. तोड काढली ती कारखान्यातल्याच वायरमनने. तिथल्या इतक्या माणसांपैकी न बोलावता घरी येणारा तो एकटाच उरला होता. ड्राइव्ह नावाचा डबा बसवायचा. तो घरची वीज घेतो आणि मोटरला थ्री फेज देतो.

"पण मोटरची जोडणी स्टारमध्ये हाय, चारशे व्होल्टची, आन् हा डबा दोनशे तीसच देनार," तो म्हणाला. "झाकण खोलून पट्ट्या बदलाव्या लागतील, जोडणी डेल्टात घ्यावी लागंल. नाय तर लोड घेणार नाय."

झाकण म्हटल्याबरोबर माझे कान टवकारले. त्या झाकणाखाली फक्त सहा बोल्ट असतात, तिथून कुणाला तांबं काढता येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण संशयाला औषध नाही. मी म्हणालो, "झाकणाला हात लावू नको. जुनी केबल आहे, तिलाच जोड."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जोडलं. सळई पकडणारा चक फिरू लागला, मी हरखून गेलो. पण कापायचं हत्यार सळईला टेकलं की मोटर दमून थांबायची. दोनदा, तीनदा तेच. ड्राइव्ह त्याने ओळखीच्या दुकानातून आणला होता. मी तडक फोन लावला. "जुना डबा माझ्या गळ्यात मारलास ना? तुला किती सुटले?"

"येतो," एवढंच तो म्हणाला.

आला, पण चहा घेतला नाही. मेन स्विच बंद केला, झाकण उघडलं, एकेक नट माझ्यासमोर वर्तमानपत्रावर मांडला. तीन टोकं एकत्र बांधणारी पट्टी काढली, तिथं तीन वेगळ्या पट्ट्या लावल्या, ड्राइव्हची सेटिंग बदलली. दहा-पंधरा मिनिटांचं काम. या वेळी लेथने सळई सरळ कापत नेली, निळसर छिलका वळत वळत बाहेर पडला. मला इतका आनंद झाला की फोनवर काय बोललो होतो ते मी विसरलोच.

तो विसरला नव्हता. जाताना फाटकाशी थांबला आणि हत्यारांची पिशवी उघडून माझ्यापुढे धरली. कारखान्याच्या गेटवर वॉचमनसमोर आम्ही दोघंही रोज संध्याकाळी तशीच पिशवी उघडायचो आणि बाहेर पडलो की त्याला शिव्या घालायचो.

"बघून घे," तो म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवी बंद करून त्याचा हात धरायचा, एवढंच करायचं होतं. पण माझी नजर आत गेली. पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी.

त्याने ते पाहिलं, चेन ओढली आणि गाडीला किक मारली. त्यानंतर मी चार वेळा बोलावलं. तो आला नाही.