आई आणि उडणाऱ्या माणसांचा गेम

आज सकाळी माझ्या सासूबाई गेल्या.
त्या मला व्हिडिओ गेममध्ये धू धू धुवायच्या.

हसू नका. खरंच.

लग्न करून वटार गावात आले तेव्हा आमच्या दोघींचं फारसं बोलणं नव्हतं. मी चंदनसारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, त्या फुलांच्या वाडीतल्या. चाफ्याची कुठली कळी तोडायची आणि कुठली ठेवायची, हेही मला कळायचं नाही.
मोगऱ्याचा गजरा बांधताना त्यांची बोटं दिसायची नाहीत, इतकी भरभर चालायची.

मग त्यांना स्ट्रोक आला.
उजवा हात गेला. बोलणंही गेलं. काहीही विचारा, फक्त "हां, हां."

हॉस्पिटलमधून आल्या त्या खोलीतच बसल्या. शेजारच्या बाया भेटायला आल्या की भिंतीकडे तोंड करायच्या. आपल्याला असं कोणी बघू नये, एवढंच त्यांना हवं होतं.
फिजिओथेरपीवाली मुलगी हातात मऊ बॉल द्यायची. "आजी, अंगठ्याने दाबा."
आई तो बॉल खाली टाकून द्यायच्या.

एका रविवारी निलेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, माळ्यावरून त्याचा लहानपणीचा गेम काढला. कॅसेट फुंकून लावायची, तसला. जपानी कार्टूनवरचा फायटिंग गेम. सगळं जपानीत. काय लिहिलंय ते त्याला तेव्हाही कळलं नव्हतं, आताही नाही.

पण गेम वेगळाच होता. त्यातली माणसं उडायची. एकमेकांपासून लांब गेली की स्क्रीनचे दोन भाग व्हायचे, एकात हा, एकात तो.
आणि ताकद मारून वाढायची नाही. लांब जाऊन गप्प उभं राहायचं, बटण दाबून धरायचं. मग अंगाभोवती उजेड वाढत जायचा.

आम्ही दोघं खेळत होतो. मागे बघितलं तर आई दारात, चौकट धरून उभ्या.

मी त्यांना बसवलं. रिमोट मांडीवर ठेवला, उजवा अंगठा बटणावर.
"आई, दाबून धरा. बाकी काही नाही."
अंगठा घसरला. परत ठेवला. परत घसरला.
पलीकडच्या अर्ध्या स्क्रीनमध्ये निलेशचा माणूस नुसता उभा. निलेश थांबला होता.

आणि थोडासा उजेड आला.

मग रोज दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघी टीव्हीसमोर.
सुरुवातीला मी मुद्दाम हरायचे. नंतर मुद्दाम हरायची गरज उरली नाही.

एकदा आई ताकद भरत उभ्या होत्या, आणि निलेशने लांबून आगीचा गोळा सोडला.
"मेल्या!"

आईंनी हात तोंडावर ठेवला.
"आई, परत बोल," निलेश म्हणाला.
"मेल्या." हळूच. मग जोरात, "मेल्या! मेल्या!" आणि हसता हसता रडायला लागल्या.

स्ट्रोकनंतरचा पहिला शब्द. शिवी. तीही पोटच्या पोराला.

हे ऐकून शेजारच्या कुंदामावशी धावत आल्या. त्या दिवशी आईंनी तोंड फिरवलं नाही. रिमोट त्यांच्यापुढे धरला.
"अगो, मला नाय जमत!" मावशी मागे सरकल्या.
"बस," आई म्हणाल्या.
मावशी बसल्या. आणि वाईट हरल्या.

शब्द एकेक करून आले, सगळे नाही. हातही अर्धाच आला. चहाचा कप धरता यायचा, गजरा नाही. एकदा मोगरा घेऊन बसल्या, पण दोरा निसटतच राहिला. बराच वेळ. शेवटी टोपली माझ्याकडे सरकवली.
"तू."
मग मी शिकले. चुकलं की नुसतं "हट्" करायच्या. माझा गजरा अजून सैलच होतो.

काल दुपारी नेहमीसारखं खेळलो. त्या जिंकल्या.
मी म्हटलं, "अजून एक?"
"उद्या."

सकाळी चहा घेऊन गेले. हाक मारली. परत मारली.

दुपारी सगळं आटपलं. घर माणसांनी भरलंय. निलेश मागे वाडीत एकटाच बसलाय, मीही आता तिकडेच जाते.

आई, मला अजून खेळायचं होतं तुमच्याशी.

सावकाश जा. तुमच्या सुनेचा नमस्कार.