गिरासेसाहेब आणि उभी जीप

बाजारात उभ्या असलेल्या प्रत्येक जीपच्या बॉनेटवर गिरासेसाहेब हात ठेवून बघत. आमच्या मोलगी शाखेचे शाखाधिकारी म्हणून ते नवे आले, तेव्हा माणसाचा स्क्रू थोडा सैल आहे की काय, अशी मला शंका आली. मी तिथला रोखपाल. विचारलं तर म्हणाले, "गाडी गरम शे, ते खातं जित्तं शे." कर्जावर घेतलेल्या जीपगाड्यांवरच आमची शाखा चालायची.

"का बरं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. आमच्या शिपायाने चहात आलं का घातलं नाही, याचीही चौकशी व्हायची.

टाळेबंदीत वरून आदेश आला. हप्ते थकले तरी ती कर्जं तूर्त बुडीत धरायची नाहीत. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. साहेब मात्र अस्वस्थ. "कागदवर समदं बेस शे. पन गाड्या काय म्हनतस?"

बंदी सैल झाली, जीपगाड्या पुन्हा धावू लागल्या. आमच्या एका कर्जदाराची, रुमश्या पावराची, मात्र त्याच्या पाड्यावर सागाच्या पानांखाली झाकलेली. सवलत संपली की खातं बुडीत ठरणार आणि गाडी ओढून आणावी लागणार, हे उघड होतं. साहेब मला घेऊन पाडा चढले.

"का बरं उभी शे, भाऊ?"

रुमश्याला प्रश्नच कळेना. दुसऱ्याकडून आणलेल्या बैलाचं ठरलेलं भाडं देता आलं नाही, तर त्याच्या पाड्यावर त्या बैलाला जू लावत नाहीत. हप्ता थांबला, मग गाडी बँकेची! ती चालवायची कशी? आलेली भाडी त्याने इमानाने परत पाठवली होती. मला हसू आवरेना. साहेब हसले नाहीत. पुढच्या सीटवरच्या कोंबड्या हाकलून स्वतः बसले.

"सवलत बँकले भेटनी, तुले नही. कमाई तुलेच करनी पडी. काढ गाडी, मी बसस."

ढकलायला अर्थात मी.

सवलत संपली तेव्हा रुमश्याचं खातं शाबूत होतं. पण दुसऱ्या लाटेत साहेबांनाच धाप लागली. रुग्णवाहिका मिळेना, म्हणून मी रुमश्याला बोलावलं. तो त्यांना नंदुरबारला घेऊन निघाला. मागे आडवे पडलेले साहेब म्हणे धापा टाकत विचारत होते, "हाऊ घाट कोनी खोदा?"

ते परतले नाहीत. मला त्यांची फार आठवण येते.

नंतर मी रुमश्याला डिझेलचे पैसे द्यायला गेलो, तर तो भडकलाच.

"तुम्ही कोन देनारा? गाडी बँकनी नही, मन्ही शे. कोन बसी, ते मी ठरावसू."