भिंतीवरून येणारा हात

सकाळी मी माळ घेऊन ओट्यावर बसते, तेव्हा शेजारची शालू भिंतीवरून हात घालून माझी जास्वंदीची फुलं तोडते. राग आला की त्याच्याकडे नुसतं बघा, असं सत्संगात सांगतात. मी पुष्कळ बघितलं. तो पोटातून निघून घशाशी येतो, हे मला स्वच्छ दिसतं, आणि तरी मी ओरडतेच, "मोड, फांदीच मोड!"

"देव काय तुमच्या एकटीचा आहे, आजी?" ती म्हणते.

दिवसभरात माझ्याशी कुणी बोलतं ते एवढंच. गप्प बसले तर तेवढंही जाईल, हे ठाऊक असून आज मी तोंड मिटून ठेवलं. हात फांदीवरच थांबला.

"आजी, बरं नाही का?"

"बरी आहे. फाटकातून आत ये. मोठी फुलं या बाजूला आहेत."